चौसष्ट जिनसांची माटोळी

सकाळी साडेसहाला शेजारचे सगुणकाका आमच्या फाटकासमोरून जातात तेव्हा त्यांच्या खांद्यावर पाण्याची कळशी असते, कमरेला कोयती असते आणि तोंडात एकच वाक्य असते, "एक ट्रिप मारून येतंय." भेटेल त्याला ते हे सांगतात. कोणी भेटले नाही तर आमच्या कुत्र्याला सांगतात. लग्न होऊन मी पेडण्यातल्या केरीहून साखळीजवळच्या या गावात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटले, यांची गाडी वरच्या रस्त्याला उभी असणार. खाण बंद पडलेली होती आणि दर दोन घरांआड एक टिपर गंजत उभा होता. त्यातलाच एखादा काकांचा असेल, असा माझा हिशेब.

काकांकडे गाडीच नव्हती. ट्रिप म्हणजे घरापासून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या भाटापर्यंत, म्हणजे बागायतीपर्यंत, चालत जायचे, तिथे एक काम करायचे आणि परत यायचे. एका दिवसाला एकच काम. एखादे रोप लावणे, एखाद्या वेलीला आधार देणे, नाहीतर गवत काढणे. दुसरे काम समोर दिसत असले तरी ते उद्यासाठी ठेवायचे. मी एकदा म्हटले, "काका, गेलाच आहात तर दोन कामे करून या की." ते म्हणाले, "खाणीर जे दोन ट्रिपा चड मारूक गेले, ते खंय गेले ता इचार तुज्या घोवाक." नवऱ्याला विचारले. दोघे दरीत गेले होते.

हा सगळा खटाटोप माटोळीसाठी होता. गोव्याबाहेरच्या वाचकांना माटोळी सांगायला हवी. चवथीला आम्ही गणपतीच्या माथ्यावर एक लाकडी चौकट टांगतो आणि नारळ, बेड्यांचे म्हणजे सुपाऱ्यांचे घोस, केळीचा घड यांच्यापासून रानातल्या शेंगा, फळे, फुलांपर्यंत त्या दिवसांत जे जे पिकते ते तिला बांधतो. बांधायची दोरीसुद्धा रानातली, केवणीच्या सालीची. काकांचे वडील, भिवाआजा, यांच्या माटोळीत चौसष्ट जिनसा असत आणि त्यातली एकही विकतची नसे. सगळे घरामागच्या डोंगरावरून यायचे. दुसऱ्या वाड्यावरची माणसे खास ती बघायला येत.

काकांनी वीस वर्षे खाणीवर टिपर चालवला. आजा गेले आणि पाठोपाठ खाण बंद पडली. त्या वर्षी चवथीच्या आधी काका पहिल्यांदाच स्वतः माटोळीचे सामान आणायला टोपली घेऊन डोंगरावर गेले. वर डोंगर नव्हता. पाण्याने भरलेला खड्डा होता. तीन जिनसा मिळाल्या. बाकी सगळे त्यांनी साखळीच्या बाजारातून विकत आणले आणि माटोळी बांधली. हे त्यांनी मला आमच्या सोप्यावर बसून सांगितले तेव्हा ते माझ्याकडे न बघता समोरच्या माडाकडे बघत होते.

"आरतीच्या वक्ताक वर बघलंय आनी माका लज दिसली, बाये. तो डोंगर कोणी नेलो? दुसऱ्या कोणी न्हय. मिया नेलो. ट्रिपेट्रिपेन नेलो. मगे परत आणूक पण ट्रिपेट्रिपेनच आणूक जाय."

मी शिक्षिका. चूक दिसली की गप्प बसवत नाही. म्हटले, "डोंगर कसा परत येणार, काका?"

"डोंगर येवचो नाय. ता माका कळता. पण बापायची माटोळी येतली. चौसष्टूय जिनसां माज्या भाटात पिकतली आनी माज्या हातान देवाच्या माथ्यार चडतली."

खाणीवरच्या ट्रिपांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे उरला होता. आठवून आठवून, म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्यांनी एकेका चिठ्ठीवर एकेका जिनसेचे नाव लिहिले. कांगलां, आंबाडे, फागलां, घागऱ्यो, शेरवड, कवंडळ. चौसष्ट चिठ्ठ्या होईपर्यंत वर्ष गेले. मग भिंतीवर दोन खिळे मारले. सगळ्या चिठ्ठ्या डाव्या खिळ्याला. जिन्नस लावून, वाढवून तिला फळ धरले की चिठ्ठी उजव्या खिळ्याला. नारळ, बेडे, केळी अशा वीसेक चिठ्ठ्या पहिल्याच वर्षी उजवीकडे गेल्या आणि काका खूश झाले. पुढची चव्वेचाळीस नावे उजवीकडे न्यायला त्यांना दहा वर्षे लागली.

माझे सासरे अप्पा तेव्हा या उद्योगाची भरपूर टिंगल करीत. अप्पा वाड्यातले जाणते, सोवळेओवळे कडक, पण माटोळीच्या बाबतीत अगदी बाजारी. दर वर्षी एका फेरीत सगळे विकत आणायचे आणि रंग उठून दिसावा म्हणून मध्ये चार सफरचंदे लटकवायची. "सगुणा," ते हाक मारीत, "बाजारात मेळता ता पिकवत कित्याक बसलंस? देव काय बिल बघता?" काका हसत. कळशी दुसऱ्या खांद्यावर घेत आणि पुढे जात.

मी मात्र प्रश्न विचारून त्यांना हैराण करी. त्याला कारण होते. मी स्वतः अर्धवट कामांची मालकीण. पेटी शिकायला घेतली, सोडली. पहाटे चालायला म्हणून बूट आणले, ते आता नवरा भाटात घालतो. पीएचडीला नाव घातले आणि दोन प्रकरणे लिहून कपाटात ठेवून दिली. काका जाता-येता विचारत, "टीचर, तुजां पुस्तक खंय पावलां?" मी चिडून म्हणे, "मनच लागत नाही, काका. तुम्हाला कसा कंटाळा येत नाही?"

"येता गो. दर दिसा येता. पण मनाक कित्याक इचारतंस? मन काय डायवर? मन क्लीनर. तू गाडी चालू कर. धावत येता आनी मागच्या फाळक्याक लोंबकाळता."

हे ऐकून मी हसले, पण त्या संध्याकाळी कपाट उघडले एवढे खरे. रोज एक पान, असे धरले. मध्ये दोनदा सुटले, पुन्हा धरले. प्रबंध गेल्या वर्षी सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात काकांचे नाव घातले तर माझ्या मार्गदर्शकांनी विचारले, "हे कोणत्या विद्यापीठाचे?"

काकांचे सगळेच सुरळीत चालले होते असे मात्र नाही. खरा घोळ कवंडळीने घातला. कवंडळ म्हणजे रानातली एक वेल. तिला गोल, लालभडक फळे येतात आणि माटोळीच्या ऐन मधोमध ती बांधतात. ती नसली तर माटोळी कितीही भरलेली असली तरी डोळ्यांना रिकामी दिसते. काकांनी कुठून तरी एक वेल मिळवली आणि तीन वर्षे तिची अशी बडदास्त ठेवली की त्यांची बायको शेवंतीकाकी म्हणाली, "माजे केस पिकले ते ह्यांका दिसले नाय, पण कवंडळीचां पान पिवळां झालां तर जेवण जायना." वेल मांडवभर पसरली, पांढऱ्या फुलांनी भरली. फळ मात्र एक नाही. खत घालून झाले, राख घालून झाली, नवस बोलून झाला. चौथ्या वर्षी शेजारच्या वाड्यावरची देवकीआजी वाकत वाकत भाटात आली, फूल हातात घेऊन निरखले आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसत सुटली. "सगुणा, हो दादलो मरे! तीन वर्सां दादल्याक पोसलंस!"

फागलांत नर वेल आणि मादी वेल वेगळी असते हे या भागातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. फागलांची चिठ्ठी काकांनी तशीच जोडी लावून उजव्या खिळ्याला नेली होती. कवंडळीचेही तसेच असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आले नाही. सगळा गाव महिनाभर हसला. मुलगा दिनेश चार दिवस बापाशी बोलताना तोंड फिरवून हसत होता. काका स्वतःही हसले. मग दोडामार्गाकडे बायकोच्या माहेरी गेले आणि मादी वेलीचा कंद दूध पावडरीच्या डब्यात मातीसकट घेऊन आले. दोन बसमध्ये डबा मांडीवर होता. कंडक्टरने खाली ठेवायला सांगितले तर म्हणाले, "बायलमाणूस आसा, सीट द्यूक जाय." दादल्यालाही त्यांनी उपटले नाही. त्याच्या शेजारीच तिला लावली.

त्यानंतर दोन वर्षांनी आग लागली. काजूच्या दिवसांत कोणीतरी सुका पालापाचोळा पेटवला, वारा फिरला आणि दुपारभरात काकांचे अर्धे भाट काळे झाले. आम्ही सगळे बादल्या घेऊन धावलो, पण उपयोग नव्हता. उजव्या खिळ्यावरच्या बावीस चिठ्ठ्या काकांनी आपल्या हाताने काढून पुन्हा डावीकडे लावल्या. मी समोर होते. त्या वेळी मला वाटले, आता हा माणूस थांबणार, आणि थांबला तरी कोणी त्याला नाव ठेवणार नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फाटकासमोर कळशी. मी धावत बाहेर गेले. "काका, आज काय करणार तिथे?"

"काय नाय. लावूक काय नाय, शिंपूक काय नाय. उबो रवतंय आनी येतंय." जरा थांबून म्हणाले, "काम नाय म्हणून आयज गेलंय नाय, तर फाल्यां काम आसलां तरी पाय जावचे नाय."

पंचवीस दिवस हा माणूस राखेत उभा राहून परत येत होता. रागाने मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. पाणी राखेवर ओतले, दोघे उभे राहिलो, परत आलो. एवढे निरर्थक काम मी आयुष्यात केले नव्हते, असे तेव्हा वाटले. पुढे जुलैत जळक्या बुंध्यांतून धुमारे फुटले. रानातल्या वेलींचे कंद खोल असतात, ते जिवंत होते. तीनच जिनसा कायमच्या गेल्या आणि त्या नव्याने मिळवायला आणखी एक वर्ष गेले.

आमच्या शाळेत एकदा एक वक्ते आले होते. पडद्यावर चित्रे दाखवून त्यांनी मुलांना सांगितले की रोज सकाळी आपले स्वप्न डोळ्यांसमोर आणा. मला ते काही पटले नाही. पुढच्या आठवड्यात मी काकांना घेऊन गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मुलांपुढे उभे राहिले आणि दोन मिनिटांत आटपले. "माजी माटोळी अजून पुरी जावक नाय," ते म्हणाले. "पुरी झाली काय मगे सांगूक येतंय. अर्ध्यार कितें सांगू?" आणि खाली बसले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मला मात्र त्या दिवशी काकांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी स्टाफरूममध्ये मोठ्याने बोलून दाखवला.

गेल्या वर्षी श्रावणात डाव्या खिळ्यावर एकच चिठ्ठी उरली. कवंडळ. वेलीला अकरा फळे लागली होती आणि त्यातली पाच लाल झाली होती. चवथीला आठ दिवस असताना काकांनी ती चिठ्ठी उजवीकडे नेली आणि शेवंतीकाकीने गूळखोबरे वाटले. यंदा भिवाआजांची माटोळी होणार हे सगळ्या वाड्याला कळले. काकांनी चौकट धुऊन ठेवली, केवणीच्या दोऱ्या वळून ठेवल्या. घरात आणखी एक आनंदाची गोष्ट होती. दिनेशची बायको प्रियांका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, केरीला गेली होती. हे स्थळ मीच सुचवले होते. तारीख चवथीनंतर पंधरा दिवसांची होती.

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या सकाळी, केरीहून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"नात झाली!" काकांची हाक आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. मी हरताळकेचा उपास विसरून धावले. अंगणात काका हसत होते आणि दाराच्या उंबऱ्यावर शेवंतीकाकी डोक्याला हात लावून बसली होती. तिच्या आधी लक्षात आले होते. मुलाला मूल झाले म्हणजे घराला सुयेर. सुयेर म्हणजे दहा दिवस देवाला हात नाही. यांचा गणपती मूर्ती घडतात त्या चितारशाळेतच राहणार. काकांचे हसू हळूहळू उतरले. अकरा वर्षे, आणि पोरीला पंधरा दिवस धीर नव्हता. "तुज्या गावची, टीचर," ते म्हणाले. "घाई आसतलीच."

मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, "पुढच्या वर्षी, काका."

"फुडल्या वर्साचां फुडल्या वर्साक पिकतलां," ते म्हणाले. "ह्यां पिकलां ता ह्या वर्साच्या देवाक."

आणि चालत आमच्या फाटकापर्यंत आले. आत आले नाहीत. बाहेरूनच त्यांनी अप्पांना हाक मारली. अप्पा सोप्यावर उभे राहिले. त्यांच्यामागे आमची माटोळी बांधून तयार होती, सफरचंदांसकट.

"अप्पा," काका म्हणाले, "ती सोडशात?"

मला वाटले, अप्पा आता सोवळ्याचे व्याख्यान देणार. त्यांनी खिशातून फोन काढला आणि भटजींना लावला. भटजी म्हणाले, झाडाला सुयेर नसते. झाडावरचे फळ दुसऱ्याने आपल्या हाताने तोडून घेतले तर देवाला चालते. त्या घरच्यांचा हात मात्र लागता कामा नये. अप्पांनी फोन ठेवला, शिडी लावली आणि स्वतःच्या हाताने पहिले सफरचंद सोडले. "चला," ते म्हणाले, "किती टोपल्यो जाय, सांग."

त्या सकाळी आमचे सगळे घर आणि वाड्यातली दहाबारा माणसे काकांच्या भाटात होती. काका मधल्या वाटेवर हात पाठीमागे बांधून उभे. "ती शेंग न्हय, तेच्या पाटली. देठ लांब ठेव. वाकडी धरू नको." कवंडळीचे फळ तोडायला मी गेले आणि हिसका जरा जोरात बसला. मांडव हलला. काका झटकन पुढे आले, हात उचलला, आणि तो हात माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला. मग त्यांनी तो मागे नेला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. "सावकाश, बाये," एवढेच म्हणाले. इतक्या वर्षांत ज्या वेलीचे पानन्‌पान त्यांनी हाताळले होते, तिचे पहिले फळ मी तोडले.

दुपारी दोनपर्यंत चौसष्ट जिनसा बांधून झाल्या. अप्पा शिडीवर, मी खाली टोपली धरून, आणि काका फाटकाबाहेरून नावे सांगणार. मधोमध कवंडळे चढली आणि खोलीचा रंग बदलला.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आरतीला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. घुमटे दणाणत होती, नेवऱ्यांची ताटे भरून ठेवली होती आणि माणसे देवाआधी वर बघत होती. काका आमच्या खळ्यात म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीपासूनही दूर, दारातून समोर दिसेल असे उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून. आरती संपली आणि अप्पा गाऱ्हाणे घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवायला, पुढे झाले. गाऱ्हाण्यात दर वर्षी आमच्या घराण्याची नावे येतात, त्याहून वेगळे काही येत नाही.

"बा देवा म्हाराजा," अप्पांनी सुरुवात केली, "आज चवथीच्या दिसा तुज्या माथ्यार जी ही माटोळी आसा, ती ह्या घराची न्हय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काहींनी एकमेकांकडे बघितले.

"ही भिवाची माटोळी. तेच्या झिलान, सगुणान, अकरा वर्सां पाय झिजवन पिकयली. मिया तेका हसलंय, ता पोटात घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"घरात लक्ष्मी आयली म्हणून तो आज भायर उबो आसा. तेचो हात तुका लागूक नाय, पण हय जां लोंबता ता सगळां तेच्याच हाताचां. ती सेवा तू मान्य करून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खोली दणाणली. अप्पा पुढे बोलले नाहीत. हात जोडून, डोळे मिटून तसेच उभे राहिले. खोली शांत झाली आणि सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. मग बाहेर खळ्यातून एकट्या माणसाचा घोगरा आवाज आला, "होय म्हाराजा." अप्पा त्याचसाठी थांबले होते.